हिंसेनंतर प्रार्थनासभा घ्यायची आहे; कोणती प्रार्थना निवडावी?

दंगल, हल्ला, घरातली मारहाण किंवा दूरच्या राज्यातून आलेली वाईट बातमी, असं काही घडलं की आपल्या ख्रिस्ती मंडळीत कुणीतरी म्हणतं, "शुक्रवारी सगळे मिळून प्रार्थना करू या." घर ठरतं, वेळ ठरते. ठाण्यात किंवा ऐरोली-कोपरखैरण्यात ते घर बहुधा वन बीएचके असतं. हॉलमध्ये सतरंजी अंथरून माणसं दाटीवाटीने बसतात. त्यांत कॅथलिक असतात, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे) असतात, केरळहून येऊन इथे मुरलेले सीरियन ख्रिस्ती असतात, आणि शेजारधर्म म्हणून आलेली हिंदू कुटुंबंही असतात. सभा चालवायची जबाबदारी ज्याच्यावर पडते तो मोबाइलवर प्रार्थना शोधायला लागतो आणि प्रेमाच्या, शांतीच्या, बरं होण्याच्या इतक्या प्रार्थना समोर येतात की डोकं चक्रावतं.

मी निवड करताना आधी एकच बघते: ज्याला लागलंय ते माणूस त्या खोलीत बसलेलं असणार आहे का? असेल तर त्याच्या तोंडी कोणते शब्द जाणार आहेत? बाकी सगळं, म्हणजे वेळ, भाषा, गाणी, नंतर.

शांतीची प्रार्थना आणि विलापाची स्तोत्रं

सगळ्यांना आधी आठवते ती "हे प्रभू, मला तुझ्या शांतीचं साधन कर" ही प्रार्थना. ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावाने छापली जाते, पण त्यांची नाही. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारले. ही प्रार्थना पहिल्यांदा छापून आली १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या मासिकात, लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, १९१६ मध्ये, ती व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात आली आणि पुढे जगभर गेली. तिच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. दोन मिनिटांत होते, बहुतेकांना पाठ असते, आणि तिच्यात कोणत्याही एका चर्चची खूण नाही, त्यामुळे शेजारच्या वहिनीही मोकळेपणाने म्हणू शकतात.

पण तिचा दुसरा भाग नीट वाचा. सांत्वन मिळावं यापेक्षा सांत्वन द्यावं, कुणी समजून घ्यावं यापेक्षा आपण समजून घ्यावं, प्रेम मिळावं यापेक्षा प्रेम करावं, असं ती मागते. सुखरूप असलेल्या माणसाने हे मागणं फार मोठं आहे. डोक्याला टाके पडलेल्या, रात्रभर झोप न लागलेल्या बाईकडून ते म्हणवून घेणं मला क्रूर वाटतं. तिला आत्ता सांत्वन हवंय. ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

तिच्यासाठी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, आणि आपण सभांमधून ती फार कमी वाचतो. २३वं आणि ९१वं हमखास वाचलं जातं, १३वं क्वचित. हे १३वं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांतच देवाला चार वेळा विचारलंय, हे कुठवर चालणार? मला विसरलास का? तोंड का लपवतोस? देवाशी इतकं रोखठोक बोलायची परवानगी पवित्र शास्त्रच देतं, हे ऐकून माणसाचा बांध फुटतो. शेवटी स्तोत्र विश्वासाकडे वळतं, पण घाईने नाही.

८८वं मात्र वळतच नाही, अंधारातच संपतं. ते मोठ्या सभेत घेऊ नका. जिला कुणाशीच बोलावंसं वाटत नाही अशा मैत्रिणीजवळ एकटीने बसून वाचायचं ते स्तोत्र आहे. १३७व्याच्या शेवटच्या ओव्याही सामूहिक वाचनात टाळलेल्या बऱ्या, त्यांत सूड आहे. १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने दैनिक प्रार्थनाग्रंथ नव्याने बांधला तेव्हा त्या ओव्या, आणि ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रं सबंध, वगळली. सूडाची भावना खोटी असते असं मी म्हणत नाही. ती देवापाशी बोलावी, वीस जणांनी एका सुरात नव्हे.

या दोहोंत निवडायचं तर: जखमी माणूस समोर असेल तर विलाप, फक्त आपण हळहळणारे असू तर शांतीची प्रार्थना.

जपमाळ आणि कॉव्हेन्ट्रीची क्षमायाचना

जपमाळ म्हणजे मणी मोजत मारियामातेला म्हणायची कॅथलिक प्रार्थना (रोझरी). तिच्याबद्दल माझं मत ठाम आहे: धक्का बसलेल्या माणसांसाठी तिच्याइतकी सोयीची प्रार्थना नाही. शब्द जुळवावे लागत नाहीत. हातात मणी असतात. मध्येच रडू आलं, गळा दाटला, तरी बाकीचे म्हणत राहतात आणि आपण पुढच्या मण्याला पुन्हा सामील होतो. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची माळ वीसेक मिनिटांत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग मनात आणत माळ म्हणायची प्रथा आहे: गेथशेमाने बागेतली वेदना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचं मरण. पाचही रहस्यं एका निरपराध माणसावर झालेल्या हिंसेची आहेत, आणि ती आपण त्याच्या आईसोबत उभं राहून पाहतो. ज्या आईचा मुलगा मारहाणीत गेला तिला याहून जवळचं काही मी देऊ शकत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये जपमाळेचं वर्ष जाहीर केलं तेव्हा जगातली शांती हाच एक मोठा हेतू सांगितला होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

आपल्याकडच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिकांच्या) गावठाणांत मे महिन्यात गल्लीतल्या क्रूसासमोर संध्याकाळी प्रार्थना होते. भांडण किंवा हल्ला त्याच गल्लीत झाला असेल तर माळ तिथेच म्हणावी. भीतीने लोक दारं लावून घेतात. उघड्यावर म्हटलेली प्रार्थना ती दारं थोडी किलकिली करते.

अडचण उघड आहे. सीएनआय, मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळी मारियामातेला प्रार्थना करत नाहीत. एकत्र सभेत माळ घेतली की निम्मी खोली गप्प बसते, आणि आपण पाहुण्यांना अवघडून टाकलं हे शेवटपर्यंत जाणवत राहतं. पोलंडच्या संत फॉस्तिनाने १९३५ मध्ये लिहिलेली दैवी दयेची माळ यावर मधला मार्ग ठरू शकते: मणी तेच, प्रार्थना थेट पित्याला, आणि वेळही कमी. तरी जपाची सवय नसलेल्यांना तीही परकीच वाटते.

कॉव्हेन्ट्रीची प्रार्थना यापेक्षा अगदी वेगळ्या जागेवरून बोलते. इंग्लंडमधल्या या शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडले आणि कॅथीड्रल जळालं. तिथले मुख्य पाळक रिचर्ड हॉवर्ड यांनी उरलेल्या भिंतीवर "हे पित्या, क्षमा कर" एवढेच शब्द कोरून घेतले. कुणाला क्षमा कर हे मुद्दाम लिहिलं नाही, कारण त्यात आपणही आलो. पुढे १९५८ मध्ये त्यावर छोटी प्रार्थना रचली गेली. राष्ट्राला राष्ट्रापासून, वंशाला वंशापासून, वर्गाला वर्गापासून तोडणारा द्वेष, दुसऱ्याचं ते आपलं करण्याची हाव, तुरुंगातल्यांबद्दल, बेघरांबद्दल, निर्वासितांबद्दलची बेफिकिरी अशी एकेक कबुली, आणि प्रत्येकीनंतर सगळ्यांनी म्हणायचं, "हे पित्या, क्षमा कर." आजही दर शुक्रवारी दुपारी तिथे ती म्हटली जाते.

आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर एखाद्या समाजाबद्दल विष पसरत असताना आपण बघत बसलो असू, तर हीच प्रार्थना घ्यावी. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून जे झालं किंवा ओडिशातल्या कंधमाळमध्ये २००८ साली जे झालं त्यासाठी नवी मुंबईत सभा घेताना आपण शोक करतो, पण आपल्या इमारतीत कुणाला घर भाड्याने द्यायचं नाही ही चर्चा चालते तेव्हा गप्प राहतो. ते बोलायला या प्रार्थनेत जागा आहे. मात्र पीडिताच्या घरी ही कधीही नको. ज्याच्यावर वार झाला त्यालाच "क्षमा कर" म्हणायला लावलं तर चूक त्याचीच होती असा अर्थ निघतो.

मौन, तेल, भजन

फ्रान्समधला तेझे हा ख्रिस्ती मठवासी समाज १९४० मध्ये सुरू झाला. एखादी ओळ पुन्हापुन्हा गायची, मग लांब मौन, मध्ये मेणबत्त्या आणि क्रूस, ही त्यांची पद्धत. त्याचे संस्थापक ब्रदर रॉजर यांचा २००५ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेतच चाकूहल्ल्यात मृत्यू झाला, आणि समाजाने प्रार्थना थांबवली नाही. वेगवेगळ्या चर्चची आणि धर्मांची माणसं असतील तर ही पद्धत उत्तम. फक्त मौन किती वेळाचं ते आधी सांगा, नाहीतर लोक डोळे उघडून एकमेकांकडे बघत बसतात.

तेल लावून प्रार्थना करण्याचा आधार बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे. कॅथलिकांत हा संस्कार फादरच देतात, इतर मंडळ्यांत पाळक आणि वडीलजन. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्पर्शाचा फार आधार वाटतो, म्हणून हे जरूर मागा. पण ते घरी किंवा वॉर्डात, चार माणसांत. स्टेजवर बोलावून, माइक हातात देऊन जखमी माणसाकडून साक्ष घेणाऱ्या सभांना मी कुणाला पाठवत नाही. आणि प्रार्थनेच्या आधी डॉक्टर. झोप, भूक उडाली असेल, मनात मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

हिंदू शेजारी जास्त येणार असतील तर पेटी-तबल्यावरची मराठी भजनं घ्या. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्तभक्ती अभंगाच्या चालीत आणली ती आजही आपल्या उपासनेत आहे. ती सगळ्यांना आपली वाटते.

मारहाण घरातली असेल तर

इथे थांबून विचार करायला हवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नवऱ्याने मारलं म्हणून बाई मंडळीत येते आणि तिच्या हातात क्षमेची प्रार्थना ठेवून तिला परत पाठवलं जातं.

ठाण्याच्या चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातल्या) हुतात्म्यांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस १३२१ मध्ये इथे मारले गेले. थोड्याच काळाने या वाटेने गेलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्याची सुरुवात लिहून ठेवली आहे. हे चौघे ज्या ख्रिस्ती घरात उतरले होते तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने तिला मारलं. ती दुसऱ्या दिवशी काझीकडे तक्रार घेऊन गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचं नाव सांगितलं. पुढे सगळं बोलणं धर्माच्या वादावर गेलं, चौघांचा जीव गेला. त्या बाईचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही. तिचं नावही नाही. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच गावात मार खाल्लेली बाई मोठ्या गोष्टीत हरवली, आणि आपल्या सभांतून ती अजूनही हरवते.

अशा वेळी ५५वं स्तोत्र वाचा. शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण एकत्र देवाच्या घरी जात होतो, असं ते बोलतं. आणि त्याआधीच म्हणतं, मला कबुतरासारखे पंख असते तर उडून दूर गेलो असतो, विसावा घेतला असता. निघून जायची इच्छा इथे प्रार्थनेतच आहे. ते वाचून झालं की तिला १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जीवाला धोका असेल तर ११२ हे नंबर द्या, घरगुती हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं हे सांगा, आणि सोबत जायची तयारी ठेवा.

क्षमेचं काय, हा प्रश्न येणारच. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमध्ये खून झाला. त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली ती २००२ मध्ये. मध्ये सात वर्षं गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवरा आणि दोन मुलं १९९९ मध्ये जाळली गेल्यावर क्षमा केली, तरी खटला चालला आणि शिक्षा झाली. दोघींनाही कुणी वेळापत्रक दिलं नव्हतं.

म्हणून पहिल्या सभेला माझा क्रम असा: १३वं किंवा ५५वं स्तोत्र, तीन मिनिटांचं मौन, ज्यांना लागलंय त्यांची नावं (त्यांना विचारूनच), मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, कारण ती सगळ्या मंडळ्यांची आहे आणि क्षमेची ओळ तिच्यात आधीच आहे. शांतीची प्रार्थना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. अर्ध्या तासात आटोपा. लोक वाशी-ठाणे लोकलमधून उभ्याने आलेले असतात आणि सकाळी पुन्हा निघायचं असतं. स्तोत्राच्या प्रती मराठीत मोठ्या अक्षरात काढा, केरळच्या कुटुंबांसाठी मल्याळममध्ये दोन-तीन, आणि ज्याला वाचायचं नसेल त्याने नुसतं ऐकलं तरी चालेल हे सुरुवातीलाच सांगा.