ऑडिशनसाठी घेतलेला रिंग लाइट, आठ महिन्यांनी: दिवा चांगला, होल्डरने घात केला

आधीच सांगते, पहिल्या महिन्यात मी याच किटला पाच स्टार दिले होते. ते आज मागे घेतेय. 10 इंची रिंग, तीन रंगछटा, 10 लेव्हलचा ब्राइटनेस, यूएसबीवर चालतो, सोबत स्टँड, मोबाईल होल्डर आणि रिमोट, हे सगळं बॉक्सवरच लिहिलेलं असतं. त्यात तुमचा वेळ घेत नाही. मला लिहायचंय ते त्या होल्डरच्या मानेबद्दल. होल्डर जिथे रिंगच्या मधोमध बसतो तिथे गोटीएवढा एक प्लास्टिकचा गोळा आहे आणि त्यावर फिरवून घट्ट करायची प्लास्टिकचीच चकती. अख्ख्या किटमधला हा सगळ्यात किरकोळ भाग. माझे पाच महिने त्याने खाल्ले.

मी कॅमेऱ्यासमोरचं काम शोधायला लागून दहा महिने झाले. त्याआधी हौशी नाटकं केली होती, तेवढंच. मला वाटायचं, ऑडिशन म्हणजे कुठेतरी जायचं, बाहेर बसायचं, नाव पुकारलं की आत. प्रत्यक्षात पहिली चाळणी आपल्या घरातच लागते. उतारा येतो, खाली चार ओळींच्या सूचना, आणि 'उद्या दुपारपर्यंत टेप पाठवा'. टेप, म्हणजे सेल्फ-टेप: घरीच स्वतः शूट केलेला ऑडिशनचा व्हिडिओ. 2020 पासून तर हे फारच वाढलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेचा 118 दिवस संप चालला, त्यातल्या मागण्यांमध्ये सेल्फ-टेपचे नियमही होते: किती पानं मागायची, किती वेळ द्यायचा. म्हणजे तिथल्या मुरलेल्या कलाकारांनाही हा जाच होत होता. मी तर नवखीच.

पैसे मोजके होते. हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचे फोटो, काढून घेतले, एका वर्कशॉपची फी भरली आणि उरलेल्यातून लाइट घ्यायचा होता. मध्येच एका एजन्सीने 'रजिस्ट्रेशन' म्हणून रक्कम मागितली, शिवाय पोर्टफोलिओ त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढायची अट. तिथे मी नाही म्हटलं ते बरंच झालं. एजन्सीने काम मिळवून द्यावं आणि त्या कामाच्या मानधनातून आपलं कमिशन घ्यावं, हा सरळ व्यवहार. काम मिळायच्या आधीच पैसे मागणाऱ्याची कमाई आपल्या कामातून नाही, आपल्यातूनच होत असते. असो. वाचलेल्या पैशांत स्टँड, लाइट, होल्डर एकाच बॉक्समध्ये मिळतंय म्हणून हे किट घेतलं.

पहिला महिना खरंच मजेत गेला. तोवर ट्यूबलाइटखाली शूट करायचे, डोळ्यांखाली काळं यायचं. रिंग लावल्यावर चेहरा उजळला, डोळे दिसायला लागले. कॅमेऱ्यात सगळं काम डोळेच करतात, त्यामुळे मला तेवढं पुरेसं होतं. दादा लेन्सच्या शेजारी उभा राहून समोरच्या पात्राचे संवाद वाचायचा. मी स्लेट द्यायचे, म्हणजे नाव, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, आणि मग उतारा. पाच स्टार त्याच दिवसांतले.

तिसऱ्या महिन्यात वर्कशॉपमध्ये माझ्या टेप पाहून सर म्हणाले, "तू सीन चढला की वर उचलली जातेस. सुरुवातीला डोक्यावर नीट जागा आहे, शेवटी कपाळ कापलं जातंय. बूड टेकवून बस." मी घरी येऊन पाहिलं तर खरंच. सुरुवातीच्या फ्रेममध्ये डोक्यावर दोन बोटं जागा, शेवटच्या फ्रेममध्ये केसांची रेषा बाहेर. मी ते मनावर घेतलं. आरशासमोर बसून पाठ ताठ ठेवायची, खांदे खाली, श्वास घेताना छाती वर येऊ द्यायची नाही, असा सराव केला. रोज अर्धा तास, दोन महिने.

आणि तरी कपाळ कापलं जातच होतं.

पाचव्या महिन्यात एक टेप पुन्हा पाहत होते, स्वतःकडे बघून कंटाळले आणि नजर मागे गेली. शेवटच्या मिनिटाला फ्रेमच्या तळाशी टेबलाची कड दिसत होती. सुरुवातीला ती फ्रेममध्ये नव्हतीच. टेबल तर कुठे जात नाही. मी वर उचलली जात असते तर माझ्यापुढचं टेबल कशाला वर येईल? त्याच रात्री भिंतीवर चिकटपट्टीची एक फुली मारली, खोलीत कुणी नसताना चार मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी लावून मोजलं. फुली जवळजवळ तीन सेंटीमीटर वर सरकली होती. हलत होता कॅमेरा. फोनचं वजन गोळ्याच्या पुढे लटकतं, प्लास्टिकवर प्लास्टिक, चकती कितीही आवळा. रोजच्या वापराने गोळा गुळगुळीत झाला की मान हळूहळू खाली जाते. इतकी हळू, की शूट करताना कुणाच्याच लक्षात येत नाही.

जुन्या 23 टेप काढून बघितल्या. 17 मध्ये तेच.

ज्यांना हे क्षुल्लक वाटेल त्यांच्यासाठी सांगते. फ्रेम थोडी खाली गेली म्हणून कुणी ऑडिशन नाकारत नाही, हे मला कळतं. नुकसान तिथे झालंच नाही. ते दोन महिन्यांच्या त्या सरावाने झालं. जो दोष माझा नव्हता तो काढायला मी माझा श्वास आखडून घेतला. तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यातल्या टेप शेजारी शेजारी लावल्या तर पाचव्या महिन्यातली मुलगी जास्त बरोबर बोलते आणि तिच्याकडे बघवत नाही. बहिणीशी भांडतानाचा एक उतारा आहे, त्यात पहिल्या टेपमध्ये वाक्य संपायच्या आत माझा हात आपोआप मानेकडे जातो. नंतरच्या टेपमध्ये तोच हात मांडीवर ठेवलेला, ठोकून बसवल्यासारखा. नव्या माणसाला आपलं काय चुकतंय हे पडद्यावर बघूनच कळतं. तो पडदाच खोटं सांगत असेल तर तो कुणाकडे बघून शिकणार? सरांची चूक नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

मग कंपनीशी पत्रव्यवहार सुरू केला. वॉरंटी एक वर्षाची होती. पहिल्यांदा म्हणाले, दोषाचा व्हिडिओ पाठवा. चार मिनिटांचा पाठवला. उत्तर आलं, "व्हिडिओत दोष दिसत नाही." दिसणार कसा, दोष तर हळूहळू होतो! पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी लावून, लाल रेघ मारून पुन्हा पाठवली. मग फोन आला: "मॅडम, होल्डर अॅक्सेसरीमध्ये येतो, वॉरंटी फक्त लाइटला आहे." मी म्हटलं, नुसता होल्डर विकत द्या. तर तो सुटा मिळत नाही, नवीन किट घ्या, कूपन देतो. एका गोटीसाठी अख्खं किट! पाच आठवडे आणि 11 मेलनंतर त्यांनी एक होल्डर पाठवला. तोच, त्याच प्लास्टिकचा. नऊ दिवस टिकला.

दहाव्या दिवशी रात्री साडेअकराला चकती तडकली आणि फोन खाली आला. स्क्रीन वाचली. टेप सकाळी आठपर्यंत द्यायची होती. दादा म्हणाला, "फोन पुस्तकांवर ठेव, लाइट बाजूला घे, आटप." स्टुलावर जाड पुस्तकं रचली, डोळ्यांच्या उंचीला फोन आडवा टेकवला. रिंग डाव्या हाताला, साधारण 45 अंशात, डोळ्यांपेक्षा थोडी उंच. उजव्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली, म्हणजे सावली फार गडद पडणार नाही. दोन टेकमध्ये संपवलं.

सकाळी पाठवायच्या आधी बघितलं आणि या दिव्याबद्दलचं माझं मत बदललं. रिंगच्या मधोमध फोन असला की दोन्ही बुबुळांत पांढरी वर्तुळं उमटतात. मेकअपच्या व्हिडिओत ती शोभतात. वडील गेल्याची बातमी ऐकणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत ती नकोशी वाटतात, बघणाऱ्याचं लक्ष त्यांच्यावरच जातं. शिवाय समोरून सगळीकडे सारखा उजेड पडला की नाक, गाल, हनुवटी सपाट होतात. त्या रात्रीच्या टेपमध्ये वर्तुळं नव्हती, डोळ्यात बाजूला एक लहानशी चमक होती आणि गालाला हाड होतं. दिवा तोच. म्हणजे दिवा वाईट नव्हता. फोन आणि दिवा एकाच जागी बांधून विकणं वाईट होतं, आणि तो होल्डर तेच करायला लावत होता.

त्या टेपवर कॉलबॅक आला, माझा पहिला. भूमिका दुसरीला मिळाली. पण पुन्हा बोलावताना त्यांनी एक सूचना दिली होती: "हेच, पण अजून कमी करून दाखवा." आठ महिन्यांत माझ्या कामाबद्दल कुणीतरी काहीतरी नेमकं बोललं ते तेव्हाच. मी तो मेल जपून ठेवलाय.

आता दिव्याचे बाकीचे गुणदोष भराभर. ब्राइटनेस तिसऱ्या लेव्हलच्या खाली नेला की व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. असले एलईडी मंद करताना खरं तर भराभर चालू-बंद होत असतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण फोनचं शटर वेगात असलं की पकडतं. उपाय: लेव्हल वरच ठेवा आणि दिवा लांब न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश होतो, म्हणजे एका पावलातही बराच फरक पडतो. फोनच्या जुन्या अशक्त अडॅप्टरवर दिवा मध्येच फडफडतो, निदान 2 अँपिअरचा लावा. रेकॉर्डिंगच्या आधी चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की चित्र उजळतं-मावळतं. सोबतचा रिमोट दोन महिन्यांत बंद पडला, त्याचं मला दुःख नाही. आणि एवढं करून दिव्यात आवाज नसतो हे लक्षात ठेवा. दादा फोनजवळ असल्यामुळे कित्येक टेपमध्ये माझ्यापेक्षा त्याचाच आवाज मोठा यायचा. आता तो एक पाऊल मागे उभा राहून हळू वाचतो.

मॉडेलिंगसाठी घेत असाल तर मात्र घेऊ नका. एजन्सीला पाठवायचे डिजिटल्स, म्हणजे बिनमेकअपचे साधे फोटो, समोरून, बाजूने, मागून, पूर्ण उंचीचे, अंगाबरोबरच्या साध्या कपड्यांत, ते दिवसाच्या उजेडातच काढायचे असतात. त्यांना तुमची त्वचा आणि हाडं जशी आहेत तशी बघायची असतात. मी पहिल्यांदा रिंग लावून काढले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, खिडकीजवळ उभं राहून पुन्हा पाठवा. पाठवले. खिडकीला पैसे पडत नाहीत.

सध्याची मांडणी अशी: रिंग तिच्या मूळ स्टँडवर, बाजूला. फोनसाठी वेगळा साधा ट्रायपॉड आणि त्यावर धातूचा होल्डर, पाव इंची आट्यांचा, कारण बहुतेक ट्रायपॉडना तोच बसतो. त्या होल्डरला गोळा नाही, एक खिट्टी आहे, आवळली की संपलं. भिंतीवरची फुली मी काढलेली नाही. दर रविवारी चार मिनिटं रेकॉर्ड करते आणि पट्टी लावते. 12 आठवडे झाले, फुली जागच्या जागी आहे. हात मात्र अजून मांडीवरून पूर्ण सुटलेला नाही. त्या बहिणीच्या उताऱ्यावर परत काम करतेय.

दिव्याला चार स्टार. स्टँडला तीन, त्याचे पाय हलके आहेत, पाण्याची भरलेली बाटली लटकवा. होल्डरला एकही नाही, पण निदान एक दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून एक. ज्यांच्याकडे हे किट आहे त्यांनी आज रात्रीच भिंतीवर फुली मारून बघा, आणि ती सरकली तर कंपनीला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचा फोटो एकत्र पाठवा, व्हिडिओ पाठवू नका. माझी तक्रार त्यांनी 'निकाली' म्हणून बंद केली होती. मी ती काल पुन्हा उघडली आहे.