३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च: कार्बन डॉट्स (यूव्हीखाली चमकणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) बघायला घेतला, पैसे वसूल

स्वस्तातला ३९५ वाला घेऊ नका, त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड एवढा पसरतो की डॉट्सचा निळा त्यात बुडून जातो. हा ३६५ चा, पुढे काळी फिल्टर काच आहे, त्यामुळे नुसत्या सायट्रिक अ‍ॅसिडपासून केलेलं डॉट्सचं सोल्युशन मंद आणि युरिया घालून केलेलं झकास निळं हा फरक सरळ डोळ्यांना दिसतो, युरियातला नायट्रोजन कणांच्या आत गेला, पृष्ठभागावर अमाइन-अमाइड (नायट्रोजनवाले रासायनिक गट) आले की चमक सहसा वाढते (अर्थात सगळं श्रेय कणांना देऊ नका, सोबत तयार होणारे छोटे फ्लुरोसंट रेणूही चमकतात). काचेवर थेंब वाळला की मात्र विझल्यासारखा, कण एकमेकांना चिकटतात ना, टॉर्चला दोष देऊ नका. बॅटरी लवकर उतरते आणि हँडल तापतं, म्हणून एक स्टार कापला. गॉगल वेगळा घ्या, बॉक्समध्ये नाहीये.