प्रॉस्परो की प्रॉस्पेरा?

शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मधला प्रॉस्परो मिलानचा ड्यूक. पुस्तकांत इतका बुडाला की कारभार भावावर सोपवून मोकळा झाला, आणि भावानेच गादी बळकावली. बेटावरच्या १२ वर्षांच्या वनवासाला थोडा तोही जबाबदार. याच नाटकावरच्या ज्युली टेमॉरच्या २०१०च्या चित्रपटात मात्र प्रॉस्परोच्या जागी एक स्त्री, हेलन मिरेनची प्रॉस्पेरा आहे. तिच्यावर चेटकीण असल्याचा आळ घेतला जातो. म्हणूनच तिने शेवटी भावाला केलेली क्षमा मला जास्त मोठी वाटते. भाषेसाठी मूळ नाटकच वाचावं, त्याला तोड नाही. पण शेवट पाहा. नाटकात प्रॉस्परो टोपी आणि तलवार मागवतो, पुन्हा ड्यूक दिसू लागतो. चित्रपटात प्रॉस्पेराच्या कॉर्सेटच्या, म्हणजे कंबर आवळणाऱ्या घट्ट चोळीच्या, नाड्या आवळल्या जातात. घरी परतायचं, तर श्वास कोंडूनच!