एचएस-सीआरपी तपासणी: बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पैसे घालावेत का?
शरीरातली सूज (दाह) रक्तातून मोजून हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज देणारी ही तपासणी लॅबच्या ‘हार्ट पॅकेज’मध्ये हमखास असते. कामाची आहे, पण पावतीवर ‘एचएस’ (हाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जास्त बारकाईची) लिहिलंय ना ते बघून घ्या. साधी सीआरपी खालचे आकडे नीट पकडत नाही. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. उपाशीपोटी जायची गरज नाही. सर्दी-ताप किंवा सुजलेली हिरडी असताना रक्त दिलं की आकडा फुगतो. १० च्या वर गेला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. धूम्रपानाने या आकड्यासोबत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढतात, त्या स्वस्तातल्या सीबीसीतच (रक्तपेशींच्या मोजणीत) दिसतात. खरी खोट अहवालात आहे: ‘नॉर्मल’ छापलं की बिडीला परवाना मिळाल्यासारखं वाटतं. धुरामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका या आकड्यात मावत नाही. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), रक्तदाब राहिले असतील तर आधी ते करा.