जून ते फेब्रुवारी, हॉलमधला प्रोजेक्टर: वापरून झाल्यावर जे कळलं ते

आधीच सांगून टाकतो. टीव्ही काढायचा आणि त्याच्या जागी प्रोजेक्टर लावायचा असं डोक्यात असेल तर २५ हजारांच्या आतबाहेरच्या रेंजमध्ये तो विचार सोडून द्या. टीव्ही राहू दे आणि जोडीला हा घ्या, मग पैसे वसूल आहेत. आमच्याकडे जूनमध्ये आला, त्याच्यावर अख्खा पावसाळा काढला, गणपतीत पाहुणे आले त्यांनी बघितला, दिवाळीची सुट्टी झाली, थंडीही संपत आली. अनबॉक्सिंगच्या व्हिडिओत जे येत नाही तेवढंच लिहितोय.

मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीत सगळ्यांच्या आत मालमसाला साधारण सारखाच असतो, स्टिकर वेगळा. सिंगल एलसीडी पॅनल, एलईडीचा लाईट, नेटिव्ह १०८०पी, ५०० अ‍ॅन्सी ल्युमेन्स उजेड, ऑटोफोकस, ऑटो कीस्टोन (वाकडं पडलेलं चित्र आपोआप चौकोनी करणारं), आत अँड्रॉइड. खोक्यावर मोठ्या अक्षरात फोरके सपोर्ट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की फोरकेचा सिग्नल दिला तर तो घेईल, दाखवणार १९२० बाय १०८० च. ते ठीकच आहे, दहा फुटांवरून १०० इंचाचं चित्र बघताना १०८०पी पुरतं, मला तरी कधी कमी वाटलं नाही.

खरी गंमत ल्युमेन्सची. साईटवर १२ हजार, १८ हजार असे आकडे दिसतील आणि किंमत आठ हजार. असल्या आकड्याला काही अर्थ नाही. अ‍ॅन्सी ल्युमेन्स म्हणजे पांढऱ्या चित्राच्या नऊ भागांत उजेड मोजून सरासरी काढतात, त्याला पद्धत ठरलेली आहे, नुसत्या ल्युमेन्सला काहीच ठरलेलं नाही, ज्याला जो आकडा छापायचाय तो छापतो. म्हणून अ‍ॅन्सी किंवा आयएसओ हा शब्द स्पेक्समध्ये नसेल तर पुढे जा.

आता ५०० अ‍ॅन्सी पुरतात का? हिशेब सोपा आहे, वहीत करून बघा. १०० इंचाची १६:९ स्क्रीन म्हणजे साधारण २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच, एरिया झाला जवळजवळ ३० चौरस फूट. ५०० ला ३० नं भागलं की १६-१७ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजळपणाचं माप) येतात, आणि थिएटरमधल्या पडद्याचं स्टँडर्ड आहे १४. म्हणजे पूर्ण अंधारात घरातलं चित्र कागदावर तरी थिएटरइतकं उजळ. पण हेच १२० इंच केलं की एरिया ४४ टक्के वाढतो आणि तोच उजेड पसरून ११-१२ वर येतो. पहिल्या आठवड्यात सगळेच भिंत भरून चित्र लावतात, आम्हीही लावलं, मग हळूहळू प्रोजेक्टरखालचा टीपॉय भिंतीकडे सरकत सरकत १०० वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला.

आणि हे सगळं पूर्ण अंधारात बरं का. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, हे आधी नीट समजून घ्या. चित्रातला काळा म्हणजे तुमच्या भिंतीवर त्या वेळी जेवढा उजेड असेल तेवढाच काळा. ट्यूबलाईट चालू असेल तर ट्यूबलाईटमध्ये भिंत जशी दिसते तो तुमचा काळा. भरीत भर म्हणजे या एलसीडीवाल्यांचा स्वतःचा काळाही राखाडीच असतो, थोडा उजेड पॅनलमधून गळतोच, रात्रीचे सीन असलेला सिनेमा लावला की कळतं. त्यामुळे माझं मत असं झालंय की प्रोजेक्टर कुठला घ्यायचा याच्याआधी हॉल कसा आहे ते बघा. आमचा डोंबिवलीतला १० बाय १५ चा हॉल, खिडकी पश्चिमेला, समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन रात्रभर थेट आत येतो. प्रोजेक्टरनंतर लगेच ब्लॅकआऊट पडदे घ्यावे लागले, आणि खरं सांगू, चित्रात जो फरक त्या पडद्यांनी पडला तो दहा हजार जास्त घालून वरचं मॉडेल घेतलं असतं तरी पडला नसता.

याची खरी परीक्षा झाली २ नोव्हेंबर २०२५ ला. महिला वर्ल्ड कपची फायनल, तीही आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटीलला, बिल्डिंगमधली मंडळी आमच्याकडे. मॅच तीनला होती, पावसामुळे पाचला सुरू झाली. पाचला खिडकीतून ऊन आत, पडदे ओढले तरी बाजूच्या फटीतून उजेड, आणि लोकांची ये-जा म्हणून दार सताड उघडं. स्मृती आणि शफालीची १०४ ची ओपनिंग पार्टनरशिप आम्ही जवळपास अंदाजानेच बघितली, मैदान फिकट पोपटी, बॉल कुठे गेला ते कॉमेंट्रीवरून कळायचं. सहा-सव्वासहाला बाहेर अंधार पडला आणि चित्र असं उठून आलं की शेजारचे काका म्हणाले, आत्ता चालू केलात होय. दीप्तीच्या पाच विकेट्स शंभर इंचावर आणि चाळीत असते तशी गर्दी, मध्यरात्रीपर्यंत कोणी हललं नाही. पाऊस आला नसता आणि मॅच वेळेवर तीनला सुरू झाली असती तर अर्धे लोक आपापल्या घरी टीव्हीवर बघायला गेले असते, हेही तितकंच खरं. (स्ट्रीमिंग असल्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधला आरडाओरडा आधी आणि आमची विकेट नंतर, पण त्याला प्रोजेक्टर काय करणार.)

आता सीलिंग फॅन. परदेशातले रिव्ह्यू बघून सीलिंग माउंट मागवू नका. आपल्या हॉलमध्ये मधोमध पंखा असतो, पाती स्लॅबपासून फूटभर खाली, आणि मागच्या बाजूला वर टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत बरोब्बर त्या पात्यांमधून जातो. पंखा लावला की चित्र फडफडणार, नाही लावला तर मे महिन्यात घामाघूम. शिवाय नुसत्या पीओपीत स्क्रू मारून चालत नाही, वर स्लॅबपर्यंत ड्रिल करावं लागतं, भाड्याच्या घरात तर विषयच सोडा. आम्ही टीपॉयवर ठेवतो, सोफ्याच्या पुढे. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२५ च्या आसपास आहे, म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद चित्रासाठी पावणेतीन मीटर, सरळ नऊ फूट. त्यामुळे मधून कोणी पाणी प्यायला उठलं की त्याची सावली स्क्रीनवर, आणि एक्स्टेन्शन बोर्डची वायर पायात. वायरमनला सांगून भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारून घेतली तेव्हा कुठे ती कटकट संपली.

ऑटो कीस्टोनवर फार भाळू नका. वाकडा ठेवला तरी चित्र चौकोनी करून देतो, बघायला छान वाटतं, पण ते करताना पॅनलचे कडेचे पिक्सेल वापरात राहत नाहीत, म्हणजे उजेडही जातो आणि बारीक अक्षरंही थोडी पुसट होतात. स्कोअरकार्डचे आकडे बघितले की लगेच लक्षात येतं. मुलगा पीएस (प्लेस्टेशन) लावतो, त्यात तर कीस्टोनमुळे बटण दाबणं आणि खेळाडू हलणं यात वेळेचा फरक पडतो, गेम मोड लावला की कीस्टोन आपोआप बंद होतं ते यासाठीच. सरळ समोर, लेव्हलमध्ये ठेवायचा, खाली पुठ्ठा, वही काहीही लावा, पण कीस्टोन शून्यावर राहू द्या.

फोकसचं एक आहे. चालू केल्या केल्या ऑटोफोकस मस्त लावतो, मग अर्ध्या तासाने मशीन गरम झालं की चित्र किंचित मऊ पडतं. बिघाड नाही, लेन्स आणि आतलं सगळं तापलं की फोकस सरकतो. रिमोटवर फोकसचं बटण एकदा दाबायचं, झालं. माझ्या पीसमध्ये खालचा उजवा कोपरा मात्र कायमच थोडा मऊ आहे, मधलं शार्प केलं की कोपरा जातो आणि कोपरा धरला की मधलं जातं. सिनेमात कळत नाही, एक्सेल लावली तर कळतं, आणि घरच्या हॉलमध्ये एक्सेल लावणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

आतल्या अँड्रॉइडचा मला कंटाळा आला. घेण्याआधी नेटफ्लिक्सचं अधिकृत लायसन्स आहे का ते विचारून घ्या, बऱ्याच प्रोजेक्टरवर नसतं, कुठून तरी मोबाईलचं ॲप टाकून चालवतात. आणि वाईडवाईन (कॉपी होऊ नये म्हणून व्हिडिओला लावलेलं कुलूप) एल१ पातळीचं नसेल, एल३ असेल, तर ॲप चालतं पण एचडी मिळत नाही, साध्या एसडीवर अडकता. म्हणजे १०८०पी च्या मशीनवर ४८० चं चित्र शंभर इंच ताणून बघायचं! आम्ही सरळ फायर स्टिक एचडीएमआयला लावली, तीही स्पीडला बरी आहे, आतलं अँड्रॉइड आता बघतही नाही. स्टिकमध्ये ओरिजिनल फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मॅच करायचं सेटिंग आहे, ते लावून बघा, काही सिनेमांत कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं ते कमी होऊ शकतं. एचडीआर (उजळ आणि गडद भागांत जास्त फरक दाखवणारं सेटिंग) मात्र बंदच ठेवतो, एवढ्या उजेडात एचडीआरला वावच नाही, लावलं की उलट सगळं काळवंडतं.

आवाज. दोन स्पीकर आहेत, बोलणं नीट कळतं, पण आवाज टीपॉयवरून येतो आणि माणूस भिंतीवर बोलतोय, हे पहिल्या दिवसापासून खटकतं. ब्लूटूथ साउंडबार लावला तर आवाज एक क्षण मागे, ओठ आधी हलणार. वायरनेच जोडा, ऑक्स (हेडफोनसारखी पिन) असो नाहीतर एआरसी (एचडीएमआयच्या वायरनेच आवाज बाहेर नेणं), पण वायर. साउंडबार स्क्रीनच्या खाली गेला तेव्हा पहिल्यांदा सिनेमा बघतोय असं वाटलं. माझं बजेटचं गणित विचाराल तर एकूण पैशांतले निम्मे प्रोजेक्टरला आणि निम्मे पडदे, स्क्रीन, साउंडबार यांना. हे गणित दुकानदार सांगणार नाही.

स्क्रीनचं म्हणाल तर सुरुवातीचे महिने भिंतीवरच बघितलं. भिंतीला मॅट रंग असेल तर चालून जातं, लस्टर किंवा चकाकणारा प्लास्टिक पेंट असेल तर मधोमध चट्टा चमकतो. आमच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल आली आणि प्रत्येक हिरोच्या कपाळावर नकाशा उमटायला लागला, मग साधी मॅट व्हाईट घेतली, मागून काळी, कडेला काळी बॉर्डर. त्या बॉर्डरनेच चित्र जास्त गडद वाटतं, डोळ्यांना फसवतं, पण फसवू दे. भिंतीवर होतो तेव्हा पालीचा ताप वेगळाच. अंधाऱ्या घरात एकच उजळलेली भिंत, पाखरं तिथे येणार आणि पाखरांमागे पाल येणार, ऐन क्लायमॅक्सला हिरोइनच्या गालावर. आईने तेव्हा दोन दिवस प्रोजेक्टर लावू दिला नव्हता.

आईचं मत एकदम स्पष्ट आहे. "मालिकेला कशाला रे अंधार करतोस, मला भाजी निवडायची असते." आणि ते बरोबरच आहे. बातम्या, मालिका, सकाळची भजनं, हे सगळं टीव्हीवर. प्रोजेक्टर शुक्रवार-शनिवार रात्री आणि मॅचला. एलईडीचं आयुष्य ३० हजार तास सांगतात, रोज चार तास लावला तरी वीस वर्षं होतात, आणि हे तास उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे धरलेले असतात, तेव्हा त्या आकड्यावर फार विचार करू नका. त्याच्या आधी आतला पंखा नाहीतर पॉवर सप्लाय जाईल.

पंख्यावरून आठवलं, उन्हापावसात वरचा पंखा चालू असतो तेव्हा याचा आवाज येतच नाही, जानेवारीत वरचा बंद झाला तेव्हा कळलं की हा बऱ्यापैकी घुमतो. ईको मोडमध्ये कमी होतो पण उजेडही कमी. हवा आत घ्यायची जाळी महिन्यातून एकदा रंगाच्या ब्रशने झटकतो, आमच्याकडे शेजारी बांधकाम चालू आहे, जाळी राखाडी होते. लेन्स आणि पॅनलचा भाग सीलबंद आहे म्हणून आत धूळ गेली नाही, हे बघूनच घ्या, उघड्या बॉडीच्या स्वस्त मशीनमध्ये पॅनलवर धूळ बसते आणि मग चित्रावर कायमचे ठिपके. वीज १२०-१३० वॅट खातो, अडीच तासांच्या सिनेमाला एक तृतीयांश युनिट, बिलात कळत नाही. लाईट गेली तर जुन्या दिव्यावाल्या प्रोजेक्टरसारखं थंड व्हायची वाट बघावी लागत नाही, लाईट आली की लगेच लावा.

किमतीचं दुःख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, आमचा जूनचा. दोन हजारांच्या आसपास गेले. आत्ता घेणाऱ्याने किंमत बघताना ते डोक्यात ठेवा, सप्टेंबरच्या आधीचे रिव्ह्यू वाचून तीच किंमत देऊ नका.

सर्व्हिसचं शेवटी. कोपऱ्याच्या फोकससाठी फोन केला तर घरी कोणी येत नाही, मशीन कुरिअरने पाठवायचं, तेही मूळ खोक्यात आणि मूळ थर्माकोलमध्ये, नाहीतर वाटेत फुटलं तर जबाबदारी आपली. तेवढ्यासाठी पाठवला नाही. वॉरंटी वर्षाचीच आहे, तोपर्यंत खोका माळ्यावर, त्यावर बायकोने दिवाळीचा कंदील ठेवलाय.