दंडावरच्या सेन्सरचे सात महिने

सांगलीत पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षे नोकरी केल्यामुळे मोजमापाचे वेड माझ्या अंगात भिनलेले आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी किती वेळा पाहिली आणि वर कळवली याची गणती नाही. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आकडे आमच्या मुलालाही पाढ्यांसारखे पाठ होते. त्यामुळे डॉक्टरांनी गेल्या जूनमध्ये दंडावर चिकटवायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर काही महिने वापरून पाहण्यास सुचवले तेव्हा मी लगेच होकार दिला. माझे वय ६३, टाइप २ मधुमेह सोळा वर्षांपासूनचा, आणि गेली तीन वर्षे गोळ्यांच्या जोडीला रात्रीचे इन्सुलिन चालू आहे. सात महिन्यांत मधूनमधून खंड पाडत चौदा-चौदा दिवसांचे अकरा सेन्सर वापरून झाले. घेण्याच्या विचारात असणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

यंत्र बसवणे वाटते त्याहून सोपे आहे. पेल्याच्या आकाराचे प्लास्टिकचे साधन दंडाच्या मागच्या बाजूला दाबले की सुई आत जाऊन परत येते आणि कातडीखाली केसासारखी बारीक तार राहते. तारेवरच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, ग्लुकोजशी क्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. या कल्पनेचे मूळ लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एन्झाइम-इलेक्ट्रोडमध्ये आहे. मात्र सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोहोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीच्या पुलाखाली लगेच दिसत नाही, तसेच हे. साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तर मोबाइलवरचा आकडा मागे पडलेला असतो, आणि अशा वेळी आकड्यापेक्षा शेजारचा, साखर चढते की उतरते हे दाखवणारा बाण अधिक खरे सांगतो. हे समजायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर मी सेन्सर व ग्लुकोमीटर यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून उगाच चिडचिड करीत होतो.

फायदा झाला तो असा. सकाळी उपाशीपोटी माझी साखर नेहमी १५० च्या पुढे येत असे आणि त्या भरवशावर इन्सुलिन थोडे थोडे वाढत गेले होते. सेन्सरच्या आलेखात मात्र पहाटे तीनच्या सुमारास ती ६५ च्या खाली जाताना दिसली. खरे की खोटे हे पाहण्यासाठी मी लागोपाठ तीन रात्री गजर लावून बोट टोचले. दोन रात्री आकडा खरोखरच ७० च्या आत, म्हणजे फार कमी होता. डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन कमी केले, जेवणाची वेळ अलीकडे आणायला लावली, आणि पहाटेचा घाम व सकाळची डोकेदुखी, जी मी वयाच्या खाती टाकून मोकळा झालो होतो, ती थांबली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ८.१ वरून ७.२ वर आली. केवळ या एका शोधासाठी पहिल्या दोन सेन्सरचे पैसे वसूल झाले, असे मी मानतो.

आता तक्रारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक सेन्सर नवव्या दिवशी गळून पडला. तक्रार केल्यावर बदली मिळाला, पण तोवर पंधरवडा उलटला होता. दुसरी अडचण झोपेची आहे. सेन्सर असलेल्या दंडावर झोपले की त्या जागेचा दाब वाढतो आणि साखर घसरल्याचा खोटा इशारा येतो. ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेतीनला मोबाइल ठणाणा करू लागला, आकडा ५८. मी उठून बोट टोचले तर १०४. पुन्हा आडवा होतो न होतो तोच दाराची बेल वाजली. बंगळुरूला असलेल्या मुलाच्या मोबाइलवरही तोच इशारा गेला होता, माझा फोन मात्र गजर बंद करण्याच्या नादात नि:शब्द झाला होता, म्हणून त्याने शेजारच्या काकांना उठवले होते. ते बिचारे भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात साखरेचा डबा घेऊन दारात उभे.

हसून सोडून द्यावा असा हा प्रसंग आहे, आणि मुलाची काळजी खोटी नाही हेही मला कळते. परंतु ॲप सुरू करताना "कुटुंबीयांना जोडा" या बटणावर बोट ठेवले तेव्हा आपण काय देऊन टाकतो आहोत याचा मी विचार केला नव्हता, हे त्या रात्रीनंतर ध्यानात येऊ लागले. गणेश चतुर्थीला दोन उकडीचे मोदक खाल्ले, वर तूप होतेच. आकडा १४८ वरून २१२ वर गेला आणि लगेच फोन आला: "बाबा, किती खाल्लेत?" आवाजात राग नव्हता, काळजीच होती. तरीही सोळा वर्षांत प्रथमच मी खोटे बोललो, म्हणालो, एकच. पलीकडे तो आलेख पाहत होता, त्यामुळे खोटे लपण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याने ते उघडे पाडले नाही, हे मला अधिक लागले.

मधुमेही माणसाकडे आपल्या समाजात थोडेसे गुन्हेगार म्हणूनच पाहिले जाते. पथ्य मोडले, जिभेवर ताबा नाही, चालायला जात नाही. माझे वजन ६१ किलो आहे, उभ्या आयुष्यात कधी ६५ च्या पुढे गेले नाही, तरी "असे कसे झाले" हा प्रश्न सुटला नाही. याचे एक उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास चालवला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते, आणि आईच्या पोषणाचा त्याच्याशी संबंध आहे, हे त्यातून पुढे आले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचे स्वतःचे आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते: दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्या आईने मला पोटात वाढवले ते दुष्काळी वर्षांत, जत तालुक्यात. आलेखावरची प्रत्येक टेकडी माझ्या जिभेची करणी नाही, एवढे समजले की मोदकाबद्दल खोटे बोलण्याची गरज कमी होते. याचा अर्थ मोदक चार खावेत असा नाही, हे सौभाग्यवतींच्या आग्रहावरून नमूद करतो.

संमतीबद्दल थोडे. ॲपच्या शर्तींच्या मजकुराची लांबण संपूर्ण इंग्रजीत आहे. माझ्या साखरेचे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर जातात एवढे त्यातून निश्चित कळते. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि संमती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांचा पर्याय द्यावा अशी तरतूद त्यात आहे. माझ्या ॲपमध्ये मराठी अजून आलेली नाही. पुलावरची पातळी साऱ्या गावाची असते, ती जितक्या लोकांना कळेल तितके बरे. दंडावरची पातळी त्याच न्यायाने वाटत सुटण्याचे कारण नाही, हा फरक पातळ्या वाटण्यात जन्म घालवलेल्या मला जरा उशिरा उमगला.

तो नेमका उमगला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंमुळे. त्यांनाही मधुमेह आहे, औषधे सरकारी रुग्णालयातली. सेन्सर केवढ्याला, असे त्यांनी एकदा विचारले. साडेचार हजार, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "महिन्याला?" पंधरा दिवसांना, असे म्हणताना मला संकोच वाटला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. त्यांतल्या किती जणांना हा खर्च झेपेल? १९२३ मध्ये इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते, ही गोष्ट आता पुराणकथेसारखी वाटते.

मी उदार होऊन त्यांना एक सेन्सर देऊ केला. त्यांच्या मोबाइलवर ते ॲप चालत नव्हते, म्हणून माझ्याच जुन्या फोनला जोडू, असेही सुचवले. त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "म्हणजे मी घरी काय खाल्ले ते तुमच्या फोनात दिसणार की, काका. नको." मुलाला जे सांगायला मला पाच महिने जमले नव्हते, ते त्यांनी पीठ लागलेल्या हातांनी एका वाक्यात सांगितले. त्याऐवजी साधा ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांच्या डब्या घेऊन द्याल का, असे त्यांनी विचारले. दिल्या.

त्याच रविवारी मी मुलाशी बोललो. तो आधी दुखावला, मग म्हणाला की मोदकाच्या दिवशी फोन केल्याचे त्यालाही नंतर बरे वाटले नव्हते. आता त्याला माझा आलेख दिसत नाही. सेन्सर लावलेला असताना साखर ६० च्या खाली गेली तर हिच्या मोबाइलवर इशारा येतो, आणि आधी बोट टोचायचे, मगच बंगळुरूला फोन करायचा, असे ठरले आहे.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे आणि रात्री साखर घसरण्याची शंका आहे, त्यांनी दोन-तीन सेन्सर जरूर वापरावेत. केवळ गोळ्यांवर साखर ताब्यात असेल तर महिन्याला नऊ हजारांचा नाद करू नये. मधुमेह नसताना हौसेने लावणाऱ्यांबद्दल मी काय बोलणार. मी स्वतः आता तिमाहीतून एकच लावतो, तोही डॉक्टरांच्या भेटीआधी. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर काही सेन्सर साखर फुगवून दाखवतात, हे आधी विचारून घ्यावे. लावण्याच्या साधनात सुई आत तशीच राहते, म्हणून ते घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. मी जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून डॉक्टरांकडे देतो.

ताई सोमवारी आणि गुरुवारी सकाळी घरून बोट टोचून येतात आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहितात. गेल्या सोमवारी त्यांनी आपण होऊन वही उघडून उपाशीपोटीचा २४० हा आकडा दाखवला आणि हे डॉक्टरांना आताच दाखवू की पुढच्या तारखेला, असे विचारले. आताच, असे मी म्हणालो. बाकीची पाने त्यांनी उलटली नाहीत, मीही पाहायला मागितली नाहीत.