‘सालीचे तुकडे तेवढे माझे’

वाऱ्याने पडलेल्या झाडाचा बुंधा माझ्याकडे होता. लांबी १० फूट, मधला घेर १२ फूट, म्हणजे व्यास जवळपास ४६ इंच. आरा गिरणीच्या पात्याखाली ३३ इंचांपेक्षा जाड काही जात नव्हतं, म्हणून चेनसॉवाल्याला बोलावलं. त्याने साल तासली, टेप फिरवला आणि म्हणाला, "चारी बाजू उतरवून चौरस ठोकळा करून देतो. मजुरी घनफुटावर. बाजूचे सालीचे तुकडे तेवढे माझे, जळणाला होतील."

जळण म्हटल्यावर कोण घासाघीस करतो? मीही केली नाही.

उभा चिरून चार फाका करता येतील का, असं मी विचारलं होतं. "गाभा फुटेल, फाका वाकड्या होतील," असं ठासून सांगितलं त्याने. मला पटलं, कारण मला त्यातलं काहीच कळत नव्हतं.

काम संपल्यावर वाट मोकळी करावी म्हणून एका तुकड्याला हात घातला, तर तो हलेना. मधोमध साडेसहा इंच जाड, ३२ इंच रुंद, दहा फूट लांब! कडेच्या पांढऱ्या लाकडाखाली गडद, पक्कं लाकूड आणि गाठ औषधालाही नाही. बुंध्याच्या खालच्या फांद्या लवकर झडतात आणि पुढची वाढ त्यांच्यावरून चढत जाते, त्यामुळे गाठी आत राहतात आणि बिनगाठीचं लाकूड बाहेरच्या अंगाला मिळतं. असे चार तुकडे त्याने गाडीत चढवले. जळण म्हणे!

मी हटकलं, तेव्हा त्याने कागदावर हिशेब मांडला. घेराचा चौथा हिस्सा ३ फूट, त्याचा वर्ग ९, गुणिले लांबी १०: बुंधा ९० घनफूट. तुमचा ठोकळा ७३. गेले फक्त १७, त्यातही बराचसा भुसा. हिशेब इतका सफाईदार होता की मीच ओशाळलो.

रात्री मजुरीची चिठ्ठी पुन्हा पाहिली. तिच्यावर बुंधा ११४ घनफूट होता!

पाव घेराचं माप लाकूडव्यवहारात जुनं आहे, खोटं नाही. पण ते गोल लाकडाच्या खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवतं. गड्याने मजुरी लावताना पूर्ण गोल धरला आणि माझं नुकसान दाखवताना पाव घेर. एकाच मापाने मोजलं, तर ११४ मधून ७३ वजा जाता ४१ घनफूट माझ्या हातून गेले. चेनसॉची फट एक सेंटिमीटर धरली तरी चार कापांचा भुसा चार घनफूटही भरत नाही. बाकीचं त्याच्या गाडीत.

वर्तुळात मोठ्यात मोठा चौरस बसवला तरी छत्तीस टक्के भाग बाहेर राहतो, हे शाळेतलं गणित. एवढं लाकूड मी ‘साल’ म्हणून देऊन बसलो होतो. फाका केल्या असत्या तर दोन उभ्या कापांत काम झालं असतं. प्रत्येक फाक मध्यापासून सालीपर्यंत २३ इंच, गिरणीत सहज बसणारी, आणि तुकडे कोणाचे हा प्रश्नच नाही. पातं आखूड असेल तर एका बाजूने चिरायचं, बुंधा उलटायचा, समोरून चिरायचं आणि पाचरी ठोकायच्या. त्याला मात्र दोन्ही तोंडांवर रेषा नेमक्या जुळवाव्या लागतात, हे खरं.

तुमच्याकडे असा बुंधा असेल, तर चेनसॉ सुरू होण्याआधी ठरलेलं माप आणि बाजूचे तुकडे कोणाचे, दोन्ही लिहून घ्या. तुकडे द्यायचेच असतील तर किती इंच जाडीपर्यंत, तेही लिहा. मुख्य म्हणजे तोंडावर खडूची रेषा मारून घ्या आणि जे बाहेर पडतंय ते टेपने मोजा. मी नुसता बघत उभा होतो.

आणि तो गाभा? लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने आखडतं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट. मधोमध गाभा कोंडलेला अखंड ठोकळा त्यामुळेच फुटतो. गिरणीत नंबर लागेपर्यंत माझाही फुटला. एका टोकाच्या फटीत टेपची पट्टी दोन इंच आत जाते.